रडारसोबतचे वाय-फाय : ५ गिगाहर्ट्झवर ॲक्सेस पॉइंट लावताना देश आणि चॅनेल कसे ठरवायचे

नवा ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वाय-फाय पसरवणारे यंत्र) छताला लावला, केबल जोडली, दिवा लागला. २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क फोनवर लगेच दिसते, पण ५ गिगाहर्ट्झचे नावच येत नाही. ते मिनिटभराने उगवते. किंवा आठवडाभर सगळे सुरळीत चालते आणि एका दुपारी मजल्यावरचे सगळे व्हिडिओ कॉल एकदम तुटतात, मग पाहावे तर एपी भलत्याच चॅनेलवर जाऊन बसलेला असतो. किंवा अमेरिकेहून आणलेल्या एपीच्या देशांच्या यादीत भारत सापडतच नाही. या तिन्ही तक्रारी एकाच कारणातून येतात. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग मुळात रडारचा आहे. वाय-फायला तिथे काही अटींवर बसू दिले आहे आणि त्या अटी देशागणिक बदलतात.

सोसायटी, शाळा, ऑफिस, दवाखाना अशा ठिकाणी पहिल्यांदाच तीन-चार किंवा त्याहून जास्त एपी लावणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे. घरात एकच राउटर असेल, तर पहिल्या चार पायऱ्या पुरेशा आहेत.

१. कोणता चॅनेल कुणाचा, ते आधी समजून घ्या

चॅनेलच्या क्रमांकाला पाचने गुणा आणि त्यात ५००० मिळवा. त्या चॅनेलची मधली फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये मिळते. ३६ म्हणजे ५१८०, १०० म्हणजे ५५००, १२४ म्हणजे ५६२०. हे गणित पुढे सारखे लागणार आहे.

• ३६, ४०, ४४, ४८ (५१५० ते ५२५० मेगाहर्ट्झ) : रडारची अट नाही.
• ५२, ५६, ६०, ६४ (५२५० ते ५३५०) : रडारसोबत.
• १०० पासून १४४ पर्यंत, चार-चारच्या अंतराने बारा चॅनेल (५४७० ते ५७२५) : रडारसोबत.
• १४९, १५३, १५७, १६१, १६५ (५७२५ च्या वर) : भारतात आणि अमेरिकेत रडारची अट नाही, काही देशांत हा पट्टा वाय-फायला जवळजवळ बंदच आहे.

म्हणजे २० मेगाहर्ट्झच्या पंचवीस चॅनेलांपैकी सोळा रडारच्या शेजारचे. २००३ साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने हे दोन पट्टे वाय-फायला दिले ते एका अटीवर: एपीने आधी ऐकायचे, रडार ऐकू आले तर उठून जायचे. या यंत्रणेला डीएफएस म्हणतात. तिचे आकडे लक्षात ठेवा, कारण तुमच्या बहुतेक तक्रारींची उत्तरे यांतच आहेत:

• चॅनेलवर बसण्याआधी एपी ६० सेकंद काहीही न बोलता नुसता ऐकतो. ही पूर्वतपासणी, म्हणजे सीएसी. युरोपच्या नियमांत ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झसाठी ही वेळ ६० सेकंदांऐवजी १० मिनिटे आहे.
• बसल्यावरही तो दोन पॅकेटांच्या मधल्या फटीत ऐकत राहतो. रडार सापडले, की १० सेकंदांच्या आत चॅनेल सोडावा लागतो.
• सोडलेल्या चॅनेलवर ३० मिनिटे परत यायला बंदी.
• किती हलका आवाज ऐकू यायला हवा, तेही ठरलेले आहे: २०० मिलिवॉटपेक्षा कमी ताकदीच्या यंत्राला उणे ६२ डीबीएम, त्याहून ताकदवानाला उणे ६४ (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल हलका).

१० मिनिटे कशासाठी, असा प्रश्न हमखास येतो. ५६०० ते ५६५० हा हवामान रडारांचा लाडका तुकडा. हवामान रडारचा झोत जेमतेम एक अंश रुंद असतो. अँटेना गोल फिरते, एक फेरी झाली की थोडी वर उचलते, पुन्हा फिरते, अशा कित्येक फेऱ्या झाल्यावर ती परत सगळ्यांत खालच्या कोनात येते. तुमच्या इमारतीवरून तो झोत काही मिनिटांत एखाद्याच क्षणी जातो. ६० सेकंद ऐकणाऱ्या एपीला तो चुकू शकतो.

आणि चुकला तर काय होते, तेही माहीत असावे. रडारच्या चित्रात, केंद्रापासून कडेपर्यंत, तुमच्या एपीच्या दिशेने एक सरळ पाचर उमटते. त्या पाचरीत खरा पाऊस आहे की नाही, ते हवामानशास्त्रज्ञाला सांगता येत नाही. प्वेर्तो रिकोतल्या सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारवर २००९ साली अशाच पट्ट्या दिसू लागल्या. शोध घेतल्यावर त्या बाहेर लावलेल्या ५ गिगाहर्ट्झच्या यंत्रांमुळे असल्याचे निघाले. पावसाळ्यात आपण ज्या इशाऱ्यांवर शाळा सोडतो आणि होड्या किनाऱ्याला लावतो, ते इशारे याच चित्रांवरून निघतात. डीएफएस बंद करण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नका.

२. काय काय जवळ हवे

कागद: एपीचे खरेदीचे बिल आणि खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट (देशाची आवृत्ती बहुतेक वेळा त्या शेवटच्या अक्षरांतच असते). दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून त्या मॉडेलला मिळालेल्या ईटीए मंजुरीचा क्रमांक. विक्रेत्याकडे मागा, तो द्यायला खळखळ करत असेल तर तिथेच थांबा. उत्पादकाची देशवार चॅनेल यादी. इमारतीचा नकाशा, हाताने काढलेला चालेल.

साधने: वाय-फाय ॲनालायझर ॲप असलेला ॲन्ड्रॉइड फोन, एक लॅपटॉप (लिनक्स असेल तर उत्तम), नोंदी साठवायला सिसलॉग (एपीच्या नोंदी गोळा करणारा प्रोग्रॅम) चालेल असा कोणताही जुना संगणक, आणि घड्याळ. यूपीएस हवाच, त्याचे कारण आठव्या पायरीत येईल.

३. एपीला खरा देश सांगा

पहिल्यांदा चालू करताना एपी देश विचारतो. इथे घाईघाईने मधले काहीतरी निवडणारे पुष्कळ. त्या एका निवडीवर कोणते चॅनेल, किती ताकद, किती वेळ ऐकायचे आणि कोणत्या नमुन्याची रडारे ओळखायची, हे सगळे ठरते. शिवाय एपी आपला देश बीकनमधून (स्वतःची ओळख सांगणाऱ्या, सतत येणाऱ्या छोट्या संदेशातून) चारी दिशांना सांगत असतो. फोन आणि लॅपटॉप तो ऐकून स्वतःचे चॅनेल ठरवतात. तुम्ही भलताच देश लावलात, तर शेजारच्या फ्लॅटमधला लॅपटॉपही गोंधळतो. मॅकवर तर परस्परविरोधी देश सापडल्याची नोंद स्पष्ट येते.

‘अमुक देश लावला की जास्त ताकद मिळते’ हा सल्ला दोन कारणांनी वाईट. पहिले, ते बेकायदा आहे. दुसरे, एपीचा आवाज वाढला तरी फोनचा वाढत नाही. फोनवर चार दांड्या दिसतात, पण फोनचे उत्तर एपीपर्यंत पोचत नाही आणि लोक म्हणतात, ‘सिग्नल फुल आहे पण नेट चालत नाही.’

भारताची स्थिती अशी: ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५२५०, ५२५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ हे चार तुकडे, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, परवान्याविना वापरायला खुले झाले. खुले म्हणजे मालकीचे नव्हे. नियमाची भाषा स्पष्ट आहे: दुसऱ्याच्या यंत्रणेला त्रास द्यायचा नाही, तुम्हाला त्रास झाला तर संरक्षण मागता येणार नाही, आणि पट्टा सगळ्यांमध्ये सामायिक. रडारवाल्याने तक्रार केली, तर थांबायचे तुम्ही.

कंट्रोलर (सगळे एपी एका जागेवरून चालवणारी यंत्रणा) असेल तर देश कंट्रोलरवर एकदाच लावा आणि प्रत्येक एपीने तो घेतला का, ते एकेकावर जाऊन तपासा. ओपनडब्ल्यूआरटीसारखे मोकळे फर्मवेअर (एपीच्या आतले सॉफ्टवेअर) असेल, तर देश प्रत्येक रेडिओला वेगळा लावावा लागतो. एक राहून जातो आणि तो रेडिओ ‘जग’ या मोघम देशावर चालतो, जिथे जवळजवळ सगळ्याच ५ गिगाहर्ट्झ चॅनेलांवर स्वतःहून बोलायला बंदी असते.

४. एपी प्रत्यक्षात काय देतो ते पडताळा

जाहिरातीत ‘ड्युअल बँड’ लिहिले, म्हणजे सगळे चॅनेल मिळाले असे नाही. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांत डीएफएसची चाचणीच केलेली नसते. त्यांच्या यादीत ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ एवढेच दिसते. हे विकत घेण्याआधी कळायला हवे, कारण फर्मवेअर बदलूनही ते सहसा मिळत नाहीत.

चॅनेलची यादी उघडा आणि कागदावर उतरवा. लिनक्सवर चालणारा एपी असेल तर ‘आयडब्ल्यू लिस्ट’ प्रत्येक चॅनेलपुढे शेरा देतो: ‘रडार डिटेक्शन’ म्हणजे डीएफएस लागू, ‘नो आयआर’ म्हणजे इथे स्वतःहून बोलायचे नाही, ‘डिसेबल्ड’ म्हणजे या देशात हा चॅनेल नाहीच.

आता घड्याळाची चाचणी करा. एपी चॅनेल १२४ वर, २० मेगाहर्ट्झ रुंदीने लावा आणि नेटवर्कचे नाव दिसेपर्यंतचा वेळ मोजा. मिनिटभर लागला, तर फर्मवेअरने तुमच्या देशाला अमेरिकी नियमांच्या कुटुंबात धरले आहे. दहा मिनिटे लागली, तर युरोपीय. चॅनेल यादीतच नसेल, तर उत्पादकाने हवामान रडारचा तुकडा सरळ कापला आहे. ही माहिती कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते आणि पुढे दर वेळी उपयोगी पडते.

५. आसपास कोणते रडार आहे

विमानतळ जवळ आहे म्हणून डीएफएसचा विचारच सोडून देणारे बरेच असतात. विमानतळावर विमाने शोधणारे गोल फिरणारे रडार बहुधा २.७ ते २.९ गिगाहर्ट्झवर चालते, म्हणजे एस बँडमध्ये. जहाजांची रडारेही मुख्यतः ३ आणि ९ गिगाहर्ट्झच्या आसपास. त्यांचा आपल्याशी संबंध नाही. आपल्याला भिडतात ती सी बँडची, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारी: हवामान रडारे आणि काही लष्करी रडारे.

हवामान रडारेही सगळी सारखी नसतात. भारतीय हवामान विभागाची कुलाबा, नागपूर आणि पणजीची रडारे एस बँडची, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झला त्यांच्याकडून काही नाही. पण मुंबईत अंधेरीजवळच्या वेरावलीला जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेले डॉप्लर रडार सी बँडचे आहे. पश्चिम उपनगरांत उंच मजल्यावर, खिडकीशी एपी लावत असाल, तर १२०, १२४, १२८ पहिल्यापासूनच सोडा. भिंती, मजले आणि मधल्या इमारती रडारचा आवाज खूप खाली आणतात. त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जे कधी ऐकू येत नाही, ते बाविसाव्यावर दिवसातून दहादा येऊ शकते.

नुसता १२० सोडून भागत नाही, रुंदीही मोजा. चॅनेल ११६ एकटा, २० मेगाहर्ट्झचा, ५५७० ते ५५९० मध्ये बसतो आणि सुरक्षित आहे. तोच १२० शी जोडून ४० केला, की वरची कड ५६१० ला जाते. ८० मेगाहर्ट्झचा ११६ ते १२८ हा गट तर ५५७० ते ५६५० व्यापतो. हवामान रडारचा अख्खा तुकडा त्याच्या पोटात.

६. निर्णयाआधी आठवडाभर ऐका

एक एपी सगळ्यांत उंच, खिडकीच्या बाजूच्या जागी ठेवा. २० मेगाहर्ट्झ रुंदी लावा, म्हणजे रडार नेमक्या कोणत्या चॅनेलवर सापडले ते कळते. ८० वर लावलात तर ‘चारांपैकी कुठेतरी’ एवढेच कळेल. ५२, १००, १३२ असे एकेक चॅनेल दोन-दोन दिवस चालवा. नोंदी सिसलॉगवर पाठवा, कारण एपी बंद होऊन चालू झाला की त्याच्या पोटातल्या नोंदी बहुतेक वेळा पुसल्या जातात.

नोंदीत रडार सापडल्याची वेळ आणि चॅनेल येतो. त्या वेळा वाचायला शिका. खरे रडार शिस्तीचे असते: ठरावीक अंतराने, एकाच चॅनेलवर किंवा त्याच्या शेजारी, रविवार असो की मध्यरात्र. खोटी नोंद माणसांच्या मागे जाते: सकाळी दहाला ऑफिस भरल्यावर सुरू, सातला शांत, रविवारी काहीच नाही.

खोटी नोंद होते कशी? एपी ज्या नमुन्यांशी जुळवून पाहतो, त्यांतला एक साधा नमुना असा: एक मायक्रोसेकंदाचा ठोका, १४२८ मायक्रोसेकंदांनी पुन्हा तसाच, असे अठरा ठोके. सेकंदाला सातशेच्या गतीने पडणारी टिकटिक. शेजारच्या चॅनेलवर हातभर अंतरावर दुसरा एपी ओरडत असेल किंवा कुणाचे यंत्र पट्ट्याबाहेर कचरा फेकत असेल, तर त्यातल्या तुकड्यांची अशी टिकटिक जुळून येते आणि एपी उठतो. नियम असा, की शंका आली तरी उठायचे. म्हणून खोट्या नोंदीवर उपाय तीनच: दोन एपींमध्ये किमान दोन-तीन मीटर अंतर ठेवा, फर्मवेअर अद्ययावत करा (उत्पादक रडार ओळखण्याचे नियम वेळोवेळी सुधारतात), आणि तरीही थांबले नाही तर तो चॅनेल सोडा.

७. रुंदीचा मोह आवरा

रुंद चॅनेल म्हणजे रडारला जास्त मोठे लक्ष्य. ८० मेगाहर्ट्झमध्ये चार चॅनेल, १६० मध्ये आठ. त्यांतल्या एकावर जरी रडार सापडले, तरी सगळा गट रिकामा करावा लागतो. आणि १६० च्या दोन्ही नेहमीच्या जागा, ३६ ते ६४ आणि १०० ते १२८, रडारशी जोडलेल्या आहेत. पहिलीचा अर्धा भाग, दुसरी पूर्ण.

घरात, एका राउटरला, ८० ठीक. एकाहून जास्त एपी असतील तर ४० पुरे, गर्दीच्या सभागृहात २०.

८. चॅनेलचा आराखडा

४० मेगाहर्ट्झ धरून मोजू. रडारमुक्त जोड्या चार: ३६-४०, ४४-४८, १४९-१५३, १५७-१६१. रडारसोबतच्या आठ: ५२-५६, ६०-६४, १००-१०४, १०८-११२, ११६-१२०, १२४-१२८, १३२-१३६, १४०-१४४. हवामान रडारात घुसणाऱ्या ११६-१२० आणि १२४-१२८ वजा केल्या, की सहा उरतात. एकूण दहा जोड्या. चार मजले, मजल्यावर तीन एपी असे बारा एपी यात आरामात बसतात, फक्त दोन जोड्या दूरच्या मजल्यांवर पुन्हा वापराव्या लागतील.

वाटप करताना एक नियम पाळा, बाकी सगळे त्यानंतर: शेजारी-शेजारी दोन एपी रडारसोबतच्या चॅनेलवर ठेवू नका. बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून लावा, वरचे-खालचे मजलेही धरून. रडार आले आणि एक एपी मिनिटभर गप्प झाला, तरी त्याच्याभोवतीचे एपी लोकांना सांभाळून घेतात. चारच रडारमुक्त जोड्या असल्याने हे दर ठिकाणी जमणार नाही. जिथे फोन वाजतात आणि पैसे घेतले जातात (स्वागतकक्ष, कॅश काउंटर, शस्त्रक्रियेचा मजला) तिथल्या एपीला रडारमुक्त जोडी आधी द्या.

रडारसोबतच्यांत माझी पसंती या क्रमाने: ५२ ते ६४, मग १०० ते ११२, मग १३२ ते १४०. १४४ शेवटी, कारण तो ८०२.११एसीच्या वेळी यादीत आला आणि त्याआधीची यंत्रे तो ओळखत नाहीत.

वायरलेस मेश (केबलऐवजी वाय-फायनेच एकमेकांना जोडलेले एपी, म्हणजे नोड) असेल, तर नोड ते नोड जोडणारा दुवा रडारसोबतच्या चॅनेलवर ठेवू नका. तो दुवा उठला की मागचे सगळे नोड एकदम आंधळे होतात, प्रत्येकाला पुन्हा ६० सेकंद ऐकावे लागते आणि एकेक करून साखळी जुळते. शक्य तिथे केबलच ओढा.

आता यूपीएसचे कारण. वीज गेली आणि आली, की रडारसोबतचा प्रत्येक एपी ६० सेकंद, कुठे १० मिनिटे, गप्प बसतो. लोकांना ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही, कुणीतरी जाऊन स्विच बंद-चालू करतो, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे तीन-चारदा झाले की ‘एपी बिघडला’ म्हणून तो उतरवला जातो. पीओई स्विचला (एपींना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या डब्याला) छोटा यूपीएस लावलात आणि बोर्डाशेजारी ‘वीज आल्यावर दहा मिनिटे थांबा, स्विच बंद करू नका’ असा कागद चिकटवलात, की निम्म्या तक्रारी मिटतात.

९. उठल्यावर कुठे जायचे, तेही लावून ठेवा

रडार सापडल्यावर काही एपी कारखान्याच्या सेटिंगप्रमाणे ३६ वर पळतात. पाच एपींनी एकामागून एक तेच केले, की सगळा मजला ३६ वर एकमेकांचे बोलणे तोडत बसतो आणि सगळ्यांचे नेट रांगते. प्रत्येक एपीला त्याचा परतीचा चॅनेल नेमून द्या: एकाला ३६, दुसऱ्याला ४४, तिसऱ्याला १४९.

परत मूळ चॅनेलवर यायची वेळही ठरवा. ३० मिनिटांची बंदी संपताच एपी परत उडी मारत असेल, तर भरदुपारी लोकांना दुसऱ्यांदा धक्का बसतो. पहाटे तीनला सगळ्यांना मूळ जागी आणणारे वेळापत्रक बरे. काही नव्या एपींत ऐकण्यासाठी वेगळा रेडिओ असतो. तो मागे बसून दुसऱ्या चॅनेलची पूर्वतपासणी आधीच करून ठेवतो आणि उडी मिनिटभराच्या शांततेशिवाय होते. दर महिन्याला रडारच्या नोंदी येणारी जागा असेल, तर तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजणे योग्य.

१०. फोन आणि लॅपटॉपची बाजू

रडारसोबतच्या चॅनेलवर फोनने स्वतःहून ‘कुणी आहे का?’ असे विचारायचे नसते. बीकन ऐकू येईपर्यंत थांबायचे. बीकन साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येतो. सोळा चॅनेलांवर एकेक बीकन ऐकायचा, तर दीड सेकंदाहून जास्त गेला. चालता चालता बोलणाऱ्याचा कॉल एवढ्या वेळात तुटतो. म्हणून ८०२.११के चालू ठेवा: एपी फोनला शेजारच्या एपींची यादी देतो, फोन फक्त तेवढेच चॅनेल तपासतो. नेटवर्कचे नाव लपवू नका. या चॅनेलांवर लपलेले नाव शोधणे फोनला फार जड जाते.

जुने प्रिंटर, टीव्ही, सीसीटीव्ही कॅमेरे, हजेरीची यंत्रे यांतली काही रडारसोबतच्या चॅनेलांकडे पाहतच नाहीत. त्यांच्यासाठी २.४ गिगाहर्ट्झ किंवा ३६ ते ४८ वरचा एपी ठेवा. सगळे फोन जोडले जातात आणि एकच यंत्र नाव पाहू शकत नाही, असे झाले तर पासवर्ड तपासण्याआधी चॅनेल तपासा.

११. गच्चीवर किंवा आवारात लावताना

बाहेर भिंतींचा आडोसा नसतो, त्यामुळे रडार तुम्हाला आणि तुम्ही रडारला थेट दिसता. इथे चूक झाली तर ती खऱ्या नुकसानीची असते. बाहेरून अँटेना जोडली असेल, तर तिचा गेन (अँटेना एका दिशेने सिग्नल किती वाढवते ते, डीबीआयमध्ये) एपीच्या सेटिंगमध्ये अचूक भरा. हवेत जाणारी ताकद म्हणजे रेडिओची ताकद अधिक अँटेनाचा गेन वजा केबलमधली गळती. मर्यादा ३० डीबीएम आणि अँटेना १६ डीबीआयची असेल, तर रेडिओ १४ वरच हवा. गेनच्या जागी शून्य सोडलेत, तर एपी भरमसाट जोराने बोलतो आणि रडार ऐकण्याचा उंबरठाही चुकीचा मोजतो.

गच्ची ते गच्ची दुव्यासाठी ५७२५ च्या वरचा पट्टा घ्या. रडार ज्या दिशेला आहे त्या दिशेने अँटेना रोखू नका. दुवा दुसऱ्या कोनातून नेता येतो का, ते आधी पाहा. अमेरिकेत विमानतळांच्या हवामान रडारांपासून ३५ किलोमीटरच्या आत बाहेर लावलेल्या यंत्राने रडारच्या फ्रिक्वेन्सीपासून किमान ३० मेगाहर्ट्झ दूर राहावे, असे तिथल्या यंत्रणेचे मार्गदर्शन होते. भारतातही तेवढे अंतर मनात धरायला हरकत नाही.

१२. एपी देशाबाहेर नेताना किंवा बाहेरून आणताना

अमेरिकेत विकलेले एपी बहुधा त्याच देशाला कुलूपबंद असतात. भारत निवडता येत नाही, आणि ईटीए नसलेले यंत्र ऑफिसात लावणे हा वेगळाच घोळ. बॅगेत जागा असली तरी आणू नका.

इथून बाहेर जाणाऱ्यांसाठी, देशवार महत्त्वाचे फरक:

जर्मनी आणि युरोपीय संघातल्या इतर देशांत ३६ ते ६४ मुख्यतः घरात, २३ डीबीएमपर्यंत. १०० ते १४० घरात आणि बाहेरही, ३० डीबीएमपर्यंत, पण डीएफएससह. १४९ च्या वर अगदी कमी ताकद, २५ मिलिवॉट. भारतातल्या सवयीने १४९ वर लावलेला एपी तिथे एकतर तो चॅनेल दाखवणार नाही किंवा शेजारच्या खोलीतही पोचणार नाही. थोडक्यात, तिथे रडारसोबत राहायला शिकावेच लागते. ब्रिटनने मात्र २०२० मध्ये ५७२५ ते ५८५० मधली डीएफएसची अट घरातल्या वापरापुरती काढून टाकली.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ५६०० ते ५६५० वाय-फायला पूर्ण बंद. १२०, १२४, १२८ विसरा, आणि ८० मेगाहर्ट्झचा ११६ ते १२८ हा गटही.

जपानमध्ये १४९ च्या वरचे काहीच नाही. तो पट्टा तिथे टोल वसुलीसारख्या कामांना आहे. ५२ ते ६४ घराबाहेर वापरता येत नाही. बाल्कनीत एपी ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

चीनमध्ये ३६ ते ६४ आणि १४९ ते १६५ आहेत, मधले १०० ते १४४ नाहीत.

दोन देशांत कार्यालये असतील आणि कंट्रोलर एकच, तर प्रत्येक ठिकाणाचा वेगळा गट करा आणि देश गटाला लावा. पुण्यातल्या कंट्रोलरचा देश टोकियोतल्या एपींना लागला, तर ते १४९ वर बोलू पाहतील. बदल केल्यावर त्या ठिकाणच्या कुणालातरी फोनवरचे ॲनालायझर ॲप उघडायला सांगा आणि चॅनेल क्रमांक वाचून दाखवायला लावा. कंट्रोलरच्या पडद्यावर दिसणारा देश आणि एपीने खरोखर घेतलेला देश एकच आहे, याची खात्री तिथेच होते.